डोळे फुटण्याआधी

ओहोटी लागली की जांबियानीच्या आम्ही बायका
कुदळी घेऊन आपापल्या खड्ड्याकडे निघतो.
माझा खड्डा चौथ्या खुंटापासून अकरा पावलं,
वर तीन दगड, त्यातला एक फुटका.
सहा महिन्यांमागे इथे नारळाची सोडणं पुरली होती.
आता कुजून मऊ झालीत, आणि वास असा
की नवरा ताट घेऊन अंगणात बसतो.

आज सोडणांखाली ती निघाली.
सुतळीएवढी, हातभर लांब, पिवळट गुलाबी.
वाटलं, कुणाचा दोर राहिला.
मग दोरानं अंग चोरलं.

"साप!" शेजारच्या खड्ड्यातून पिली ओरडली.
"गांडूळ," तिची सून म्हणाली, मान वर न करता.
मी तळव्यावर घेऊन डोळे शोधले:
कातडीखाली दोन टिंबं,
वहीवर पेन टेकवून लगेच उचलावं, तेवढी.

"गळाला लाव," पिली म्हणाली.
मी बोटानं भोक पाडून शेपटीकडून आत घालू लागले,
तर ती वळली आणि डोक्यानंच शिरली,
चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईच्या घाईनं.

संध्याकाळी, गेल्या खेपेचा काथ्या वळताना,
म्हाताऱ्या वुआईला विचारलं.
चाळीस वर्षं त्यानं कंदिलावर मासे धरलेत.
म्हणाला, वाम आहे ती.
वर्षानुवर्षं वाळूत डोकं खुपसून राहते,
समुद्र डोक्यावर, पण समुद्रात नाही.
मग वयात आली की हिला डोळे फुटतात,
उसाच्या कांडीला फुटतात तसे. टपोरे.
पर वाढतात. आणि एका रात्री
वाळू सोडून ही वर येते,
नर शोधत, पार कंदिलाच्या उजेडात.
"पुढे?"
"पुढे उजाडतं. मी घरी येतो."

मला पोहता येत नाही.
एकोणतीस वर्षं समुद्रात जाते, गुडघ्यापर्यंत.
तो परतायला लागतो तेव्हा मी निघालेली असते;
आम्ही दोघं एकमेकांना पाठमोरेच ओळखतो.

नवी सोडणं पुरून आलेय, वर तेच तीन दगड.
सहा महिन्यांनी उकरीन
तेव्हा ती तिथे नसावी.

आज साडेचार वाव दोर झाला.
एका जागी पीळ सैल राहिलाय.
तिथे मी ऐकत होते.