चौरस फूट

गोदामाचा पत्रा उतरवला त्या दिवशी
आतून पिवळा धुरळा उठला
आणि समोरचा कुलपांचा दुकानदार
दोन दिवस हळद शिंकत होता.
तेवढंच उद्घाटन मी जवळून पाहिलं.
फीत कापली तेव्हा मी परांचीवर होतो.

मी बशीर नदाफ. पेंटर.
गणपती पेठेतल्या निम्म्या पाट्या एके काळी माझ्या.
'अडत दुकान'मधला ड
माझ्यासारखा कुणी वळवत नसे.
मग फ्लेक्स आला.
मग एकोणीसचं पाणी आलं
आणि उरलेली अक्षरं गाळात बसली.
दुकानांवर राहणारी माणसं गेली ती गेलीच,
विश्रामबागेत ज्याला परवडलं तो,
बाकी आम्ही कुपवाडला.
संध्याकाळी सातला शटर,
साडेसातला कुत्री.

आता गोदामाच्या जागी चार मजले.
खाली नुसते खांब, पाण्याला वाट.
वर अठ्ठेचाळीस घरं,
दोनशे सत्तर चौरस फुटांची,
भाडं हमालाला झेपेल एवढं.
स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या.
हळद निवडणारी मल्लव्वा, तीनशे चार.
काट्यावरचा दिनकर खोत, एकशे एक.
माझं नाव प्रतीक्षा यादीत,
सातवं.

भिंत मात्र माझ्या वाट्याला आली,
पूर्वेची, आंधळी, एकही खिडकी नसलेली.
पंधराशे चौरस फूट,
भाव बावीस रुपये, रंग त्यांचा.

चित्र पुण्याहून आलेलं:
नदी, घाट, होडी, वर सूर्य.
मृण्मयी नावाची पोरगी कागद उलगडून दाखवत होती.
मल्लव्वा म्हणाली,
"भिंतीवर नदी नगं बाई.
ती सोताच येऊन बघून जात्या."

पोरगी हसली. मग हसायची थांबली.
फुटपाथवर बसून खोडत राहिली बराच वेळ.
"मग काय काढू या?"
कुणीतरी म्हणालं, पाट्या.

म्हणून मी पाट्या काढल्या.
बुडालेल्या, उतरवलेल्या, विकून टाकलेल्या,
ज्याच्या त्याच्या वळणात.
खालून लोक नावं सांगत,
'आणि कंपनी' की 'अँड सन्स' यावरून
दोन चुलतभाऊ दहा वर्षांनी बोलले,
म्हणजे भांडले.
एक म्हातारे गृहस्थ मिरजेहून बसनं आले
एका अनुस्वारासाठी.
बरोबर होतं त्यांचं. मी दिला.

पाट्यांच्या मधून एक हात, दोन मजले उंच,
कोपरापर्यंत पिवळा.
मल्लव्वानं मान वर करून पाहिलं.
"बांगड्या चार काढल्यास.
दोनच हायत. बाकीच्या पोत्यानं खाल्ल्या."
दोन पुसल्या.

आणि पाणी आलं होतं तिथवर
एक बारीक निळी रेघ, तारखेसकट.
इंजिनिअर म्हणाले, लोक घाबरतील.
दिनकर म्हणाला, "घाबरू द्या की,
मोटारसायकली तरी येळेवर वर न्हेतील."
रेघ राहिली.

आता पेठेत रात्री भडंगाची गाडी लागते.
खांबांमध्ये पोरं क्रिकेट खेळतात,
मल्लव्वाच्या हातावरच स्टंप.
तीनशे चारच्या गॅलरीत
लुगडं वाळत असतं, टोक भिंतीवर येतं,
कुठल्याशा 'सन्स'वर.
मला ते आवडतं.

वर, चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यात
थोडी जागा उरली होती. दोन बाय तीन.
तिथं मी एक खिडकी काढली.
अर्धा पडदा, कट्ट्यावर पेला, पेल्यात ब्रश,
आत पिवळा दिवा.

मोजमापाला आलेला ओव्हरसिअर
टेप धरून थांबला.
"ही नकाशात नाही."
म्हटलं, सहा चौरस फूट वजा करा.
त्यानं केले.

नऊ दहाची कुपवाड गाडी
चौकातून वळते तेव्हा
डाव्या बाजूला बसावं लागतं.