पश्चिमेस समुद्र

जुन्या खरेदीखतात चतुःसीमा अशी:
पूर्वेस सार्वजनिक रस्ता,
दक्षिणेस कोणा मोतीलालशेटचा प्लॉट,
उत्तरेस नाला,
पश्चिमेस समुद्र.

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
साहेब म्हणाले, वाच्छांच्या वरळीच्या बंगल्याचा कागद
पुढ्यात ठेवून नक्कल केली असेल कारकुनानं,
तीही दुपारी, जेवणानंतर.
जागेवर जा, हद्दी बघ,
बिल्डरला घाई आहे.

म्हणून आज कोरेगाव पार्कच्या या गल्लीत,
जिथं वडाच्या पारंब्या रिक्षांच्या टपांवरून हात फिरवतात,
मी यंत्राची तिकाटी रोवून उभा
आणि फाटकावर संगमरवरात कोरलेलं: सी व्ह्यू.

मुंबईची माणसं. मे महिन्यात समुद्र अंगाला चिकटतो
म्हणून पळून इथवर यायची
आणि येताना तोच बांधून आणायची.
नाहीतर जिन्याला या गोल खिडक्या कशाला,
आगबोटीला असतात तशा, पितळी कडीच्या?
गच्चीला तीन आडव्या नळ्यांचा कठडा.
दर्शनी कोपरा असा घोटून गोल केलेला
की घराला पाणी कापत जायचं होतं.
व्हरांड्याच्या फरशीवर आरामखुर्च्यांचे वण,
सगळे मावळतीकडे तोंड करून.
पायवाटेवर खडी नाही, शिंपले होते.
आता नुसतं काहीतरी करकरतं बुटाखाली.

पोर्च सोळा बाय बावीस.
मागं बबर्चीखाना, छप्पर नाही.
पागेत चाकं नसलेली एक फियाट, तिच्यात कोंबडी.

टेपचं दुसरं टोक यल्लप्पाच्या हातात.
तो इथला माळी, त्याआधी त्याचा बाप.
‘ती सुरूची झाडं बाईंनी लावून घेतली. अकरा.
बापानं खड्डे काढले.
पुण्यात सुरू कोण लावतं, शेजारचे हसायचे.
संध्याकाळी बाई इथं खुर्ची टाकून बसायच्या, डोळे मिटून,
आणि वारं सुटलं की मला हाक मारायच्या:
यल्लप्पा, भरती आली.’

तू पाहिलास का समुद्र?
‘नाय साहेब. बाई गेल्या तेव्हा निघालो होतो मुंबईला.
गाडीत जागा नव्हती.’

मी पाहिलाय, एकदा, मुरूडला, कचेरीच्या सहलीत.
अर्धा वेळ चपला सांभाळण्यात गेला.

पश्चिमेची भिंत कमरेएवढी.
पलीकडं उतार, मग नदी:
जलपर्णीची हिरवी सतरंजी,
बंधाऱ्याखाली साबणासारखा फेस,
फेसात एक बगळा, पाय उचलावा की नाही
या विचारात.
झाडं मोजली. नऊ.
दोन ट्रान्सफॉर्मरसाठी गेली, यल्लप्पा म्हणाला,
आणि हातानं त्यांची उंची दाखवली,
हात जिथवर पोचला तिथवर.

यंत्रातून हद्दीचा दगड दिसला, अर्धा पुरलेला.
दुसरा सापडेना.
उन्हं भिंतीवर आली. आम्ही उगाच थांबलो थोडं,
तो त्या झाडांकडे बघत, मी त्याच्याकडे.
शेंड्याची एक काडीसुद्धा हलली नाही.
‘रोज येत नाय,’ तो म्हणाला,
पाहुण्यापुढं पोरगं पाठ म्हणेना
तसा ओशाळून.

कचेरीत येऊन लिहिलं:
प्रत्यक्ष पाहणी केली असता
पश्चिमेस समुद्र आढळून आला नाही.
सुरूची झाडे, नग नऊ.
खतात दुरुस्ती व्हावी.

सही केली. तारीख घातली.
शेऱ्याचा रकाना रिकामा होता, तो रिकामाच ठेवतात.
पेनाचं टोपण लावलेलं पुन्हा काढलं:

पाहणीच्या वेळी वारा पडलेला होता.