निवृत्त कालवा निरीक्षक

शेजारच्या बापूसाहेबांना सांगितलं तर म्हणाले,
"पनामा? ती शिग्रेट न्हवं?"
ह्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं
आणि पाटबंधारे खात्याच्या जुन्या डायरीत
लाल पेनानं लिहिलं :
बापूसाहेबांना पुन्हा काही सांगायचं नाही.

चौतीस वर्षं ह्यांनी पंचगंगेच्या बंधाऱ्यांवर
बरगे घातले, बरगे काढले.
दिवाळीच्या सुमाराला घालायचे, मिरगाच्या आधी काढायचे.
फटीतनं पाणी गळायचं, तिथं माती आणि पाचट कोंबायची.
एखादा बरगा रात्रीतनं चोरीला गेला
की सकाळी जबाब लिहायचा.
पदाचं नाव कालवा निरीक्षक.
"पण खरा कालवा बघितलाच न्हाई,"
निरोपाच्या दिवशी नारळ हातात धरून बोलले.
मला वाटलं, शाल अंगावर पडली की माणूस असं बोलतोच.

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत
मुजावरांची तरन्नुम तिकिटं काढून देते.
तिनं दुबई दाखवली, बाली दाखवलं.
बाली मला आवडलं होतं. बोलले नाही.
हे म्हणाले, "पोरी, जहाज जिना चढतंय
असं कुठं हाय का ह्यात?"
मग तिनं नकाशा मोठा केला, अजून मोठा केला.
दोन अमेरिकांच्या मधली ती कंबर,
माझ्या डब्याच्या कडीएवढी.
मुंबई, इस्तंबूल, मग तिथं.
घड्याळ साडेदहा तास मागं.
पिवळ्या तापाची सुई पुण्याला घ्यायची,
पासपोर्टच्या फोटोत कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही.
मला हसू आलं. तीनदा काढावा लागला.

"फेब्रुवारीतच जायचं," ह्यांचं ठरलेलं.
"मे लागला की तिथं गगनबावडा."
जसं काही दरवर्षी जाऊन येतात.

मुलानं फोनवर म्हटलं, "त्यापेक्षा गच्चीवर सोलर बसवा की."
ह्यांनी फोन माझ्या हातात दिला.
मी म्हटलं, रेंज नाही.

जेवताना पांढऱ्या रश्श्याच्या वाटीत समजावलं.
वर तरंगणारी लवंग म्हणजे जहाज.
वाटी भरत गेली की लवंग वर.
पंप नाही, काही नाही,
वरच्या तळ्याचं पाणी आपल्या वजनानं खाली येतं.
"राधानगरीचे दरवाजे आपले आपण उघडतात, तसं?" मी विचारलं.
ह्यांचा घास थांबला.
इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या प्रश्नाला
एवढा मान पहिल्यांदा मिळाला.
"न्हाई," म्हणाले, "तिथं माणूस बसतोय."
मग रस्सा गार होईपर्यंत त्या माणसाचंच चाललं.
रात्रपाळी असेल. डास असणारच.
चहा कोण नेऊन देत असेल.
त्याच्याकडंही डायरी असेल का.

मी माझी यादी वेगळी केली आहे.
कांदा-लसूण चटणी विमानात चालते का,
तरन्नुमला विचारायचं.
मला पोहता येत नाही, हे कुणाला
आधी सांगावं लागतं का, तेही.

काल रात्री दीडला जाग आली.
हॉलमध्ये कर्र, कर्र.
हे अंधारात सोफ्यापासून दारापर्यंत चालत होते,
पायात नवी कोरी कापशी चप्पल.
ह्यांचा पाय सातचा, चप्पल नऊ नंबर,
टाच मागं लोंबकळत होती.

"त्या माणसाला," म्हणाले.
"माप कुठं माहितीय? अंदाजानं घेतली."

"मग तुम्ही कशाला घातलीय?"

"नवी चावती गं. त्याला रातभर उभं ऱ्हायचं असतंय."

मी दिवा लावला नाही.
फडताळातनं एरंडेलाची बाटली काढली,
फरशीवर बसले
आणि म्हटलं, डावी इकडं द्या.