कवळीच्या बदल्यात

आधी एसी बंद करा, डॉक्टरबाई.
बाहेर ऐरोलीचं ऊन, आत तुमचा हा पौष महिना,
लाकडाला एवढं सोसत नाही.
अर्धा तास पेटीतच राहू दे. आपण चहा घेऊ.

ही भेग बघितलीत? वरच्या तुकड्यावर, चार बोटं लांब.
दिवा गावातली हळद, डिसेंबरातली पहाट,
खाडीवरून वारा,
आणि मी गार लाकडात एकदम गरम फुंक मारली.
टक्.
ढोलवाल्या पद्माकरला ऐकू नाही आलं. मला आलं.
गाणं तिथेच अर्धं राहिलं.

तर, जोडताना ढकलायचं नाही, फिरवायचं.
बुचाला थोडं ग्रीस, नसेल तर व्हॅसलीन,
खोबरेल नको, खवट होतं.
चाव्या मुठीत आवळू नका,
झोपलेलं मांजर उचलता ना, तसं.

ही पत्ती. हिच्याशिवाय बाकी सगळं नुसतं लाटणं.
तुम्ही दिवसभर लोकांना थुंका म्हणता,
मी म्हणतो, जिभेवर ठेवा, भिजू दे.
बसवल्यावर टोकाशी केसाएवढी काळी रेघ दिसली पाहिजे.
केसाएवढी. तुम्हाला कळेल,
तुम्ही दाढेतला धागासुद्धा शोधता.

आता तोंड.
खालच्या दातांवर ओठाची घडी,
वरचे दात सरळ टेकवायचे.
गाल फुगवायचे नाहीत, हनुवटी ताणलेली.
आणि चावायचं नाही.
दात तुमचा विषय, ओठ माझा.

पहिला महिना एकच सूर.
भिंतीवरच्या त्या काट्याने वीस घरं चालेपर्यंत.
जाडही नको, बारीकही नको,
परातीत पाण्याची धार पडते तसा.

चीं निघेल. निघू दे.
शेजारचा मेडिकलवाला डोकावेल, डोकावू दे.
एखादं भोक पुरतं झाकलं नसेल, एवढंच.
थोडा वेळ वाजवून बोटं बघा,
प्रत्येकावर गोल ठसा उमटला पाहिजे,
सरकारी कागदावर असतो तसा.

पुढे एक पायरी येते.
अलीकडे हात जवळजवळ मोकळे,
पलीकडे सगळी बोटं एकदम हजर.
मी दोन वर्षं तिथे तोंडघशी पडत होतो.
लहूमामा म्हणायचा,
बोटं गावाला धाडू नकोस, दारातच उभी ठेव.
मामाला वाचता येत नव्हतं, कागदावरचे सूरही नाही.
पण त्याची बोटं कधी दाराबाहेर गेली नाहीत.

जेवून उठल्या उठल्या वाजवू नका. आधी ब्रश करा.
हसू नका. हे तुम्हाला मी सांगतोय!
झालं की पत्ती काढून पुसायची, आडवी ठेवायची.
फडकं दोरीला बांधून आतून ओढायचं, दोनदा.
चावीची गादी चिकटली तर सिगारेटचा कागद,
फक्त कागद, पद्माकरसारखी सिगारेट नाही.

कवळी चांगली बसलीय. चकली फोडतो मी.
पैसे नाही घेतलेत, म्हणून तर हे सगळं.
पण हे माउथपीस टेकलं, की वरची नाचते.
नाही नाही, तुमची चूक नाही.
हिरडीला काय माहीत सूर कुठे टेकतो.
घरी चोरून बघितलं मी, तीन वेळा.
बायको म्हणाली, कुकर लावलाय का?

एक विचारू? हरकत नसेल तर.
तुम्ही या खुर्चीत बसा, पेशंटच्या.
मी मागे उभा राहतो,
माझ्या दाढा काढताना तुम्ही उभ्या होतात तिथे.
फुंक तुमची, बोटं माझी.
तुम्ही फक्त तो एक सूर धरून ठेवा,
बाकीचं मी खालून बदलत जातो.
ते दिव्याचं गाणं कुठे थांबलं,
ते या करंगळीला अजून ठाऊक आहे.

घंटी वाजली. पेशंट आला वाटतं.
बसू दे बाहेर.
दाढ दुखत असेल तर तेवढीच विसरेल.
खांदे खाली सोडा. पोटातून घ्या.
हं.