हात धुऊन

चाळीस वर्षं शाहूपुरीच्या पेठेत
गुळाचे रवे फोडून मी दर सांगितला.
खडा जिभेवर ठेवायचा, टाळ्याला घासायचा
आणि थुंकायचा.
गिळायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम.
मी गिळायचो.

आता साखर हात धुऊन मागं लागलीय
आणि जिभेचं काम बोटाकडं आलंय.
सून मृणालनं फ्रिजवर कागद चिकटवलाय:
भात बंद, भाकरी अर्धी, तीही जमल्यास नको,
तांबडा चालेल, पांढरा चालेल, मटण चालेल.
कोल्हापुरात असं पथ्य लिहून दिलं
की डॉक्टर आपलाच पाव्हणा वाटायला लागतो.
फळांच्या रकान्यात मात्र नुसतं प्रश्नचिन्ह.
झाडानं केलेली साखर
आणि चुलाणावर केलेली,
रक्ताला काय फरक कळणार?
डॉक्टर चौगुले हसले. "तुम्हीच बघा की, हिंदुराव.
तुमचा जन्म पारखण्यातच गेला."

म्हणून वही घातली. जुनीच, सौद्याची, लाल कापडाची,
मागची तीसेक पानं कोरी होती.
जांभळं, मूठभर, ज्येष्ठात: आकडा फारसा हलला नाही,
जीभ तेवढी दोन दिवस जांभळी.
पेरू, अर्धा, बियांसकट: आधी १०८, नंतर १३१.
चिक्कू, एक.
एकच हो.
१९६.
चिक्कूपुढं मी आडवी रेघ मारली,
बुडालेल्या गिऱ्हाइकाच्या नावापुढं मारायचो तशी.

कपिलतीर्थाच्या कोपऱ्यावर शमशाद बागवान
माझ्यासाठी कच्चे पेरू बाजूला काढून ठेवते.
"मामा, ह्यात काय गोडी न्हाई बघा," म्हणते,
आणि तिचंच काही चुकल्यासारखं
परवा एक सीताफळ वर टाकलं. "नातीला द्या."

संध्याकाळी रेवासाठी ते फोडलं.
एकेक डोळा सोलला, बी काढली, गर वाटीत.
तोंडात काही घातलं नाही. आईशपथ.
वास घेतला, तो काय वहीत लिहायचा असतो?
मग वेळ झाली म्हणून बोट टोचलं.

२७४.

घरात एकदम सगळ्यांचे आवाज खाली आले.
"मामंजी, खरं सांगा."
रेवा म्हणाली, "आजोबांनी नाही खाल्लं,
मी बिया मोजत होते."
जसा काही मी पंचांपुढं उभा.
मृणालनं माझा हात उलटा केला,
दिव्याखाली धरला.
"हात धुतले होते?"

मोरीत साबणानं, कोमट पाण्यानं,
नखांच्या कडेनं, पेरापेरात,
ती शेजारी उभी राहून धुऊन घेत होती.
परत टोचलं. ११२.
गोडी बोटावर होती,
आत गेलीच नव्हती.

हौसा असती तर म्हणाली असती, मला ठाऊकच होतं.
पेठेतून आलो की दारातच तांब्या पुढं करायची.
तरी कप हातात दिला की कड चिकट लागायची तिला;
म्हणायची, "तुम्ही चहा आणून दिलात
की मी साखर कमी घालते."
मला ती थट्टा वाटायची.

मृणाल म्हणाली, पहिला आकडा खोडा, तो चुकीचा आहे.
पेन घेतलं.
सौद्याच्या वहीत खाडाखोड करत नाहीत,
शेरा लिहितात.
२७४ च्या पुढं लिहिलं: हात.
खाली तारीख.
वाटीत रेवानं एक डोळा ठेवला होता,
त्याच्याकडं बघत बसलो.