पान एकशे बारा

मे महिन्यात दुपारी गोकुळपेठेत कुत्रंही फिरत नाही,
माझं दुकान तेवढं रात्री अकरापर्यंत चालू.
प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली
की पोरं येतात, पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरून,
दवाखान्यात नमुना घेऊन यावं तशी.

पाच प्रती. काळं रेक्झिन. सोनेरी अक्षरं.
स्पेलिंग तुम्ही तपासा, मी म्हणतो,
सोनं एकदा बसलं की निघत नाही.

एकानं कोराडीच्या राखेच्या विटा केल्या,
दाबून दाबून फोडल्या, आणि प्रत्येक वीट
किती वजनाला मेली ते लिहून ठेवलं.

उमाठ्यांच्या पोरीनं संत्र्याच्या सालीतून काढलं
औषधाची गोळी फुटू न देणारं काहीतरी.
"काका, याला आम्ही बाइंडर म्हणतो."
मी सरसाचा डबा पुढं सरकवला.
"मग मी कोण?"

अर्थशास्त्रवाला तर समोरचाच बाजार मोजून गेला.
तीनशे चाळीस भाजीवाले, त्यांची उधारी,
सकाळी घेतलेल्या हजारावर संध्याकाळचं व्याज.
सांभार विकणारी चंद्रकला म्हणाली,
"मलेही इचारलं होतं त्यानं."
खरं किती सांगितलं?
"अर्धं."
ते अर्धं मी सोनेरी अक्षरांत बांधलं.

मग मशीनला मराठी शिकवणारा आला.
कूलर बंद करायला लावून
चाळीस मिनिटं माझा आवाज घेतला.
मी म्हटलं, ऊन भलतंच तपून राहिलं.
मशीननं लिहिलं, ऊन भलतंच जपून राहिलं.
तक्त्यात ते 'चूक' या रकान्यात गेलं.
आपल्या चुकीचंही पान नीट शिवावं लागते.

डॉक्टर बाईंचा प्रबंध सगळ्यात जाड.
उष्माघात. तीन उन्हाळे. एकशे सत्याऐंशी रुग्ण.
मी काही वाचत नाही, क्रम पाहतो फक्त,
उलटं पान सुलटं करतो.
एकशे बारा उलटं लागलं होतं.

इंग्रजी मी अक्षर लावून वाचतो, वेळ लागते.
अनुक्रमांक एक्केचाळीस. पुरुष. वय छप्पन्न. काम, ओझी वाहणे.
दाखल होताना ताप एकशे आठ.
उजव्या हाताची दोन बोटं जुन्या अपघातात गेलेली.
परिणाम: मृत्यू. सहावा तास.

ती दोन बोटं माझ्या कटिंग मशीननं घेतली होती,
पोळ्याच्या आदल्या दिवशी, अठ्ठ्याण्णव साली.
नंतरही बर्डीवरून पुठ्ठ्याच्या गड्ड्या
बंडीवर घालून तोच आणायचा. वासुदेव.
त्या दुपारी मीच फोन केला होता,
आजच पाहिजे, गिऱ्हाईक अडून बसलं.
मेला हे मला माहीत होतं.
सहा तास लागले, हे नव्हतं.

"यांचं नाव काय होतं?" मी बाईंना विचारलं.
"नावं लिहायची नसतात, काका. नियम आहे."
चांगला नियम आहे, मी म्हटलं.
आणि सरस ढवळत राहिलो,
तो केव्हाचाच पातळ झाला होता.

प्रबंधाला रिबन लावत नाही कोणी, वीस रुपये जास्त पडतात.
त्या पाचही प्रतींना मी लाल रिबन लावली.
एकशे बारावर ठेवली. बिलात धरली नाही.

परवा बाई पेढे घेऊन आल्या.
"गंमत सांगू? परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं.
म्हणाले, हा माणूस
दुपारी दीडला उन्हात काय करत होता?"
मग?
"नोंद नाही, म्हटलं."

माझ्या हातात दाभण होतं, अर्धी शिवण बाकी.
पेढा वहीच्या कागदावर ठेवला,
दोरा ओढला,
दातानं तोडला.