खोल आवाज

मागची सीट उचलून मोरेश्वर तांडेलनं
टाकीच्या झाकणावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला,
मूठ कानाला लावली.
मॅडम, चावी नुसती फिरवा. स्टार्ट नको.

दोन सेकंद.
डब्यात कोंडलेला भुंगा.

परत.
तुर्भ्याच्या पुलावर ट्रेलर चढत होता.
त्यानं हात वर केला,
मला थांबवलं की ट्रेलरला, कळेना.

बाप खाडीत वल्ह्याची मूठ
अशीच कानाला धरायचा, म्हणाला,
खाली घोळ बोलते का बघायला.
आता कोण बोलतंय तिथं.
आणि पुन्हा कान.

रिले बरा.
फिल्टर उपडा केला तर काळं पाणी निघालं,
पण घरघर पंपाचीच.

पेट्रोल कितीचं टाकता?
दोनशेचं. महिनाअखेर शंभरचंसुद्धा.

हां. पंप बुडलेला असला तरच थंड राहतो.
तुम्ही त्याला वीस वर्षं
घोटाभर पाण्यात उभा केलाय.

वीस नाही.
झेन घेतली दोन हजार तीनला,
ह्यांची कंपनी बंद झाली अकराला.
काटा तेव्हापासून लाल रेघेशी.
हे त्याला सांगितलं नाही.

नवा साडेतीन हजार.
महिनाभर काढेल का हाच?
भरलेली ठेवा टाकी. काढेल बहुतेक.

सानपाड्याच्या पंपावर म्हटलं, फुल.
पोरानं विचारलं, कितीचं?
फुल, रे.

घरी येताना आवाज होताच.
फक्त आता
बराच खालून येत होता.